रेल्वेचा ई-पास : पास सेक्शनमधील एका निवृत्त लिपिकाचा अभिप्राय

रेल्वे कर्मचाऱ्यांना मोफत प्रवासासाठी मिळणारा पास ऑनलाइन देण्याची, म्हणजे ई-पासची, सोय भारतीय रेल्वेच्या ‘एचआरएमएस’ या कर्मचारी-व्यवस्थापनाच्या संगणक प्रणालीत ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली. ती रेल्वेच्याच ‘क्रिस’ या संस्थेने तयार केली आहे. नोकरीच्या अखेरच्या काळात कर्मचारी म्हणून आणि आता निवृत्त म्हणून मी ती वापरत आलो आहे. तरीही तिच्याविषयी लिहावेसे वाटते ते दुसऱ्या कारणाने. माझ्या रेल्वेतील कार्यालयीन नोकरीचा मोठा भाग कार्मिक शाखेत (कर्मचाऱ्यांचे व्यवहार पाहणाऱ्या शाखेत), आणि त्यातही पास सेक्शनला गेला. आज जे काम मोबाइलवर होते तेच काम आम्ही शाई, कार्बन आणि रबरी शिक्का यांच्या आधारे करीत होतो.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. गट ‘क’मधील कर्मचाऱ्याला पाच वर्षांची सेवा झाल्यानंतर वर्षाला तीन सेट पास आणि चार सेट पीटीओ (सवलतीच्या तिकिटाची आदेशपत्रे) मिळतात. सेट म्हणजे एक जाण्याचा आणि एक येण्याचा पास; पीटीओवर एक तृतीयांश भाडे भरून प्रवास करता येतो. अर्ज आला की लिपिक पास-खात्याची नोंदवही काढून शिल्लक पाहत असे, कुटुंबाच्या घोषणापत्राशी नावे आणि वये ताडून पाहत असे, मुलगा एकवीस वर्षांचा झाला असेल तर तो अवलंबितांत बसतो का ते विचारत असे, आणि मग पास लिहून साहेबांच्या सहीसाठी ठेवत असे. तो कागद हातात पडल्यावर कर्मचारी आरक्षण खिडकीवर जाई आणि तेथील लिपिक पासाच्या मागे आरक्षणाची नोंद करून देई. वापरले नाहीत तर वर्षाचे पास बुडत असल्यामुळे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या टेबलापुढे जी गर्दी होई, ती पाहणाऱ्याला रेल्वेतील सगळी माणसे एकाच दिवशी गावी निघाली आहेत असे वाटावे.

ई-पासने या साखळीतील कोणतीही कडी काढून टाकलेली नाही, आणि मला ही त्याची जमेची बाजू वाटते. अर्ज आजही लिपिकाकडेच जातो, मंजुरी आजही अधिकारीच देतो. फरक इतकाच की शिल्लक किती आहे आणि अर्ज कोणाच्या टेबलावर थांबला आहे हे आता अर्जदारालाही दिसते. पूर्वी हे फक्त आम्हाला माहीत असे, आणि पास सेक्शनचा सारा दबदबा त्या माहितीवर उभा होता. ‘साहेब रजेवर आहेत, परवा या’ हे वाक्य ऐकून एखादा ट्रॅकमन (रूळ सांभाळणारा कर्मचारी) आडस्टेशनवरून आलेला दिवस फुकट घालवून परत जाई. दुसऱ्या वेळी यायचे तर त्याला पुन्हा रजा किंवा ड्यूटीची अदलाबदल करावी लागे. हा दबदबा गेल्याची हळहळ माझ्या काही जुन्या सहकाऱ्यांना वाटते, मला मात्र अजिबात वाटत नाही. पास मंजूर झाला की युनिक पास नंबर मिळतो, आणि त्या आधारे आरक्षण केंद्रावर किंवा आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर घरबसल्या तिकीट काढता येते. कागदी पासावरील तारखेत खाडाखोड करण्याचे प्रकारही यामुळे आपोआप बंद झाले.

जेथे ही सोय उणी पडते ती जागा मार्गाची आहे. पासावर ‘व्हाया’, म्हणजे कोणत्या स्थानकांमार्गे, काय लिहायचे हे ठरवणे हे आमच्या कामातील खरे कौशल्य होते. पुण्याहून हावड्याला जाणाऱ्याला दौंड, मनमाड, भुसावळ, नागपूर असा मार्ग द्यायचा, वाराणसीला जाणाऱ्याला भुसावळनंतर इटारसी आणि जबलपूर, आणि वाटेत देवदर्शनासाठी उतरायचे असेल तर खंडप्रवासाचे, म्हणजे मध्येच उतरून थांबण्याचे, स्थानक आधीच लिहून ठेवायचे. चांगला पास-लिपिक हे सारे वेळापत्रक न उघडता सांगत असे. आता हा विचार अर्ज भरतानाच अर्जदाराला करावा लागतो. ज्याची सारी नोकरी वर्कशॉपमध्ये गेली त्याने तो कसा करावा? मार्ग अपुरा भरला गेला तर पास हाती असूनही हवी ती गाडी मिळत नाही. मंजुरीपूर्वी लिपिकाने अर्जदाराला एक फोन करावा, एवढी साधी पद्धत कार्यालयांनी पाडली तरी पुष्कळ अडचणी टळतील.

दुसरी उणीव निवृत्तांच्या बाबतीत आहे. निवृत्तीनंतर पंचवीस किंवा त्याहून अधिक वर्षे सेवा झालेल्या गट ‘क’ कर्मचाऱ्याला वर्षाला दोन सेट पास मिळतात, आणि पतीच्या मागे पत्नीलाही पासाचा हक्क असतो. हा सगळा व्यवहार नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकावर येणाऱ्या ओटीपीवर अवलंबून आहे. क्रमांक बदलला असेल, किंवा तो पतीच्या नावाचा असून बंद झाला असेल, तर सत्तरीच्या बाईने कोणाकडे जावे? आमच्या भागातील एका सायबर कॅफेत असा अर्ज भरून देण्याचे पैसे घेतले जातात, आणि विनामूल्य मिळणाऱ्या हक्कासाठी माणसे ते निमूटपणे देतात. कर्मचारी-कल्याणाचे काम पाहणाऱ्या कल्याण निरीक्षकांनी पेन्शन अदालतीच्या (निवृत्तांच्या तक्रारी ऐकण्याच्या) दिवशी एक टेबल या कामासाठी लावावे, असे मला सुचवावेसे वाटते.

एवढ्या उणिवा धरूनही कागदी पास आणि ई-पास यांतून निवड करायची झाल्यास मी विनासंकोच ई-पास निवडेन. जे येत्या वर्ष-दोन वर्षांत निवृत्त होणार आहेत त्यांनी आपले कुटुंबाचे घोषणापत्र, पत्नीचे नाव व जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक एचआरएमएसमध्ये नोकरीत असतानाच तपासून दुरुस्त करून घ्यावेत, आणि क्वार्टर वेळेत सोडावे. मुदतीनंतर विनापरवाना क्वार्टर अडवून ठेवल्यास अशा प्रत्येक महिन्यामागे निवृत्तीनंतरचा एक सेट पास रोखला जातो, हा नियम पूर्वीही होता आणि आजही आहे.