दुसरी इलेक्ट्रिक गिटार घेताना : एपिफोन लेस पॉल स्टँडर्ड फिफ्टीज

मराठवाड्यात गाण्याचा नाद असलेल्या घरात वाद्यांची उणीव सहसा नसते. पेटी आणि तबला असतोच. भजनी मंडळ असेल तर पखवाज आणि टाळ असतात, तुळजापूरच्या बाजूला एखाद्या घरात संबळ टांगलेला दिसतो आणि ऑर्केस्ट्रात वाजवणारा कोणी असेल तर ऑक्टापॅड व की-बोर्डही कोपऱ्यात उभे असतात. अशा घरात पहिली इलेक्ट्रिक गिटार आली की कौतुक होते आणि दुसरीचा विषय निघाला की ‘एक आहे ना?’ असा प्रश्न येतो. तबलजीला हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण काळी एकचा (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीचा) तबला आणि काळी पाचचा तबला वेगळा लागतो हे सर्वांना ठाऊक असते. गिटारीच्या बाबतीतही उत्तर बरेचसे तेच आहे, फक्त ते पट्टीपुरते न राहता विजेपर्यंत जाते.

प्रस्तुत परीक्षण लातूर आणि आसपासच्या तालुक्यांत भावगीते, अभंग आणि जुनी चित्रपटगीते यांच्या कार्यक्रमांत साथ करणाऱ्या वादकाच्या नजरेतून लिहिले आहे. घरी बसून रॉक वाजवणाऱ्याची गरज वेगळी असू शकते. माझी पहिली गिटार स्ट्रॅटोकास्टर घाटाची आहे : तीन सिंगल-कॉइल पिकअप (तारेचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारे भाग), हलके शरीर, स्प्रिंगांवर तोललेला ट्रेमोलो ब्रिज (दांड्याने हलवता येणारा तारांचा खालचा आधार). या घाटाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. १९५४ साली बाजारात आलेला हा आराखडा आजही जगभर जवळपास तसाच वापरला जातो, हेच त्याच्या चांगुलपणाचे प्रमाण आहे. परंतु आपल्याकडच्या मंडपांत त्याला दोन गोष्टी जड जातात आणि दुसरी गिटार निवडताना नेमक्या त्याच दोन गोष्टी समोर ठेवाव्या लागल्या.

पहिली गोष्ट म्हणजे घरघर. सिंगल-कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेल्या तारेचे एकच वेटोळे. ते तारेचे कंपन जसे टिपते तसेच आसपासच्या ५० हर्ट्झच्या विजेचे चुंबकीय क्षेत्रही टिपते. पुण्या-मुंबईच्या बंदिस्त नाट्यगृहात हे फारसे जाणवत नाही. आपल्याकडे मात्र मंचाच्या मागे जनरेटर, डोक्यावर एलईडीच्या माळा, बाजूला डिमरवर चालणारे दिवे आणि कुठून तरी ओढून आणलेली वायर असा सगळा सरंजाम असतो, त्यामुळे गायकाने आलाप सुरू करण्यासाठी डोळे मिटले की त्या शांततेत गिटारीची घरघर सर्वांत आधी ऐकू येते. त्यात अर्थिंगचा प्रश्न वेगळाच. काळ्या मातीत ओल असेपर्यंत अर्थिंगचा खड्डा काम करतो. एप्रिल-मे महिन्यांत हीच जमीन भेगाळली की मातीचा विद्युतरोध वाढतो आणि कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात कोणीतरी आठवणीने पाणी ओतले नाही तर तारांवरून हात उचलताच स्पीकरमध्ये करकर सुरू होते. इथे एक इशारा द्यायला हवा : अर्थिंगच नसलेल्या ठिकाणी गिटारीच्या तारांवर हात आणि माइकला ओठ अशा स्थितीत झटका बसू शकतो व तो जिवावरही बेतू शकतो. या दोषावर कोणतीही गिटार हा उपाय नाही; त्यासाठी वायरमनलाच बोलवावे लागते.

चुंबकीय घरघरीवर मात्र उपाय आहे आणि तो जुना आहे. गिब्सन या गिटार कंपनीतील अभियंता सेथ लव्हर यांनी १९५५ साली हंबकर पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५७ पासून तो लेस पॉल गिटारींवर बसू लागला. यात दोन वेटोळी शेजारीशेजारी असतात, ती विरुद्ध दिशांनी जोडलेली असतात आणि त्यांची चुंबकेही उलटी असतात. परिणामी बाहेरून येणारी घरघर परस्परांना छेद देऊन नाहीशी होते आणि तारेच्या कंपनाचा संकेत मात्र एकमेकांत मिळतो. आवाजही त्यामुळे अधिक भरीव आणि थोडा गोल होतो. दुसरी गिटार हंबकरचीच हवी, हे इथवर आल्यावर ठरून गेले.

पर्याय तरीही उरले होते. स्क्वायरच्या क्लासिक व्हाइब मालिकेतील टेलिकास्टर दिसायला आणि वाजवायला मोहक आहे, पण तिच्यातही सिंगल-कॉइलच असल्याने मूळ प्रश्न तसाच राहतो. पोकळ शरीराच्या गिटारी मॉनिटरसमोर (मंचावर वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरसमोर) लवकर शीळ घालतात, म्हणून त्या बाजूला ठेवल्या. खरा विचार करावा लागला तो यामाहाच्या पॅसिफिका ११२ व्ही या गिटारीचा. तिच्या ब्रिजजवळ हंबकर आहे, टोनची कळ वर ओढली की त्याचे एक वेटोळे बंद होऊन सिंगल-कॉइलसारखा आवाज मिळतो आणि किंमतही बरीच कमी आहे. ज्यांना एकाच गिटारीवर सर्व भागवायचे आहे त्यांना मी आजही तीच सुचवतो. पण पहिली गिटार स्ट्रॅट घाटाची असताना दुसरीही त्याच लांबीची, त्याच ट्रेमोलोची आणि दोन सिंगल-कॉइल असलेली घेणे म्हणजे तेच वाद्य पुन्हा घेणे होय.

एपिफोन हे नाव आपल्याकडे गिब्सनची स्वस्त आवृत्ती म्हणून घेतले जाते, ते अर्धवट खरे आहे. न्यूयॉर्कमध्ये स्वतंत्रपणे वाढलेली ही कंपनी १९५७ मध्ये गिब्सनच्या मालकांनी विकत घेतली आणि तेव्हापासून गिब्सनचे आराखडे अधिकृतपणे वापरण्याची मुभा तिला आहे. लेस पॉल हा आराखडा १९५२ चा, त्याच नावाच्या वादकाच्या सहकार्याने बाजारात आलेला. स्टँडर्ड फिफ्टीज या मॉडेलमध्ये महोगनीचे शरीर, त्यावर मेपलचा थर, शरीरात चिकटवून बसवलेला जाडसर महोगनीचा गळा, दोन हंबकर आणि स्थिर ब्रिज अशी रचना आहे. फिंगरबोर्ड, म्हणजे गळ्यावर बोटे दाबायची फळी, इंडियन लॉरेल या लाकडाचा आहे, म्हणजे आपल्या जंगलांतल्या ऐनाचा. पूर्वी इथे शिसवाच्या जातीचे लाकूड असे. २०१७ मध्ये त्या संपूर्ण प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांचे बंधन आल्यानंतर अनेक उत्पादक इतर लाकडांकडे वळले आणि २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाल्यावरही त्यातले बरेच जण परतले नाहीत. ऐनाचा रंग शिसवापेक्षा फिका आणि रेषा ठळक असतात, बोटांना मात्र फरक कळत नाही. ऐनाचे लाकूड परदेशी कारखान्यातून गिटार होऊन लातूरला परत येते, याची मला अजून गंमत वाटते.

आता दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे पट्टीकडे वळतो, कारण ही गिटार घेतल्याचे खरे समाधान तिथे आहे. आपले पुरुष गायक बहुतेक वेळा काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातात. नेहमीच्या स्वरांत लावलेल्या गिटारीवर या दोन्ही पट्ट्या अडचणीच्या आहेत, कारण एकाही उघड्या तारेवर षड्ज मिळत नाही. कॅपो (सर्व तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून वेळ मारून नेता येते, परंतु गळ्याची जागा कमी होते आणि मींड घेण्यासाठी ओढलेली तार कॅपोखाली अडकून बेसूर परत येते. म्हणून ही गिटार मी कायम अर्धा स्वर खाली लावलेली ठेवतो. असे केले की डी कॉर्डची नेहमीची बोटे काळी एकमध्ये येतात, ई कॉर्डची काळी दोनमध्ये, आणि काळी एकला चौथी उघडी तार षड्ज व पाचवी उघडी तार खालचा पंचम देते. अभंगाच्या सुरुवातीला या दोन तारा नुसत्या छेडत राहिल्या तरी गायकाला आधार मिळतो. गायिका काळी पाचमध्ये गाणार असेल तर दुसऱ्या फ्रेटवर (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) कॅपो लावून ए कॉर्डची बोटे धरावी लागतात. तेवढा अपवाद सोडला तर कॅपो खिशातच राहतो. ट्रेमोलो ब्रिजच्या गिटारीवर असे खाली-वर लावणे म्हणजे प्रत्येक वेळी स्प्रिंगांचा तोल नव्याने सांभाळणे. स्थिर ब्रिजवर खुंट्या फिरवल्या की काम संपते.

तारा सैल पडतील ही शंका रास्त आहे. या गिटारीची तारेची लांबी २४.७५ इंच आहे आणि स्ट्रॅट घाटाची २५.५ इंच, त्यामुळे एकाच जाडीच्या तारेवर त्याच स्वराला इथे सुमारे ६ टक्के कमी ताण पडतो. अर्धा स्वर उतरवल्यावर आणखी ११ टक्क्यांच्या आसपास घट होते. परंतु स्ट्रॅटवर सहसा नऊच्या तारांचा (पहिली तार इंचाच्या नऊ सहस्रांश जाडीची) संच असतो आणि यावर दहाचा असतो. जाडीच्या या फरकाने पहिल्या तारेचा ताण जवळपास पुन्हा होता तिथेच येतो, म्हणून एका गिटारीवरून दुसरीवर जाताना बोटांना नवी सवय लावावी लागत नाही. मराठी गाण्यांतील मींड आणि आंदोलने काढताना हे साम्य फार मोलाचे ठरते.

मंचावर या गिटारीची दुसरी सोय म्हणजे प्रत्येक पिकअपसाठी स्वतंत्र व्हॉल्यूम. गळ्याजवळच्या पिकअपचा व्हॉल्यूम सहावर ठेवून अंतऱ्यामागे कॉर्ड वाजवाव्यात आणि म्युझिक पीस आला की खटका खाली पाडून पूर्ण व्हॉल्यूमवर ठेवलेल्या ब्रिजच्या पिकअपवर जावे. पायाशी पेडल नसले तरी काम होते आणि साउंडवाल्याला खुणा कराव्या लागत नाहीत. गळ्याजवळचा हंबकर टोन थोडा उतरवून वाजवला की पेटीच्या आवाजात चांगला मिसळतो, कधीकधी नको तितका मिसळतो, आणि तेव्हा पेटीवाल्याने वरच्या सप्तकात जावे हे उत्तम. स्ट्रॅटच्या मधल्या जागांवरचा तो पातळ, टणत्कार असलेला आवाज मात्र इथे मिळत नाही. हंबकरचे एक वेटोळे बंद करण्याची सोय या मॉडेलला नाही आणि माझ्या मते ती नसल्याने काही बिघडत नाही, कारण त्या आवाजासाठी पहिली गिटार आहेच.

या घाटाच्या मर्यादा आधी समजून घेतलेल्या बऱ्या. वजन चार किलोच्या आसपास असते. तीन तासांच्या कार्यक्रमात उभे राहून वाजवायचे असेल तर अरुंद पट्टा खांद्यात रुततो, म्हणून रुंद चामड्याचा पट्टा आवश्यकच समजावा. डोक्यावर तीन-तीन खुंट्या दोन बाजूंना असल्याने तिसरी आणि चौथी तार नटमधून (गळ्याच्या टोकाच्या खाचा असलेल्या पट्टीतून) निघताच बाजूला वळते आणि नटच्या खाचेत अडते. तार ओढून सोडल्यावर ती किंचित उतरलेली राहते. खाचेत पेन्सिलचे शिसे घासले की हे बरेच कमी होते. सर्वांत नाजूक बाब म्हणजे मागे कललेले डोके. लेस पॉल घाटाची गिटार स्टँडवरून उताणी पडली तर गळा डोक्यापाशी मोडण्याची भीती असते, आणि आपली वाद्ये स्पीकरांच्या खोक्यांसोबत टेम्पोतून प्रवास करतात. कापडी पिशवीत ही गिटार टेम्पोत ठेवू नये. कडक केसचा खर्च गिटारीच्याच किमतीत धरावा.

हवेचा विषय आमच्याकडे टाळता येत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवेतील ओलावा इतका घटतो की फिंगरबोर्डचे लाकूड आकसते; धातूचे फ्रेट आकसत नाहीत, त्यामुळे त्यांची टोके कडेला बोटांना बोचू लागतात. हा कोणत्याही कंपनीचा दोष नव्हे, लाकडाचा धर्म आहे. लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. त्यासाठी महागडे उपकरण नको : साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला झाकणाकडून भोके पाडावीत, आत पिळून घेतलेला ओला स्पंज ठेवावा आणि डबी केसमध्ये डोक्याच्या बाजूच्या रिकाम्या जागेत ठेवून केस बंद करावी. स्पंज मार्चपासून जूनपर्यंत दर आठवड्याला भिजवावा आणि पाऊस लागला की डबी काढून टाकावी. फिंगरबोर्डला तेल द्यायचे तर वाद्यांसाठी मिळणारे लेमन ऑइल द्यावे. घरातले खोबरेल तेल लावू नये, ते चिकटते आणि पुढे त्याला वास येतो.

खरेदीबाबत थोडेसे. या दर्जाच्या गिटारी हातात घेऊन पाहायला मराठवाड्यात फारशा मिळत नाहीत, त्यामुळे पुण्याची वाट धरणे किंवा ऑनलाइन मागवणे हेच दोन मार्ग उरतात. एका दुकानाने मला कॅटलॉगमधील छायाचित्र पाठवून ‘हीच येईल’ असे सांगितले होते. तिथून मी घेतली नाही. विक्रेत्याकडून त्याच गिटारीचा अनुक्रमांक दिसणारे छायाचित्र, वजनकाट्यावरचे वजन आणि परत घेण्याच्या अटी लेखी मागाव्यात, कारण एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत अर्ध्या किलोपर्यंत फरक सापडू शकतो आणि तो खांद्याला कळतो. मे महिन्यात पार्सल आले तर वातानुकूलित खोलीत लगेच उघडू नये. खोके काही तास सावलीत तसेच ठेवावे, मग तारा सुरात लावून गळ्याचा बाक पाहावा.

ट्रेमोलोचा दांडा ज्यांच्या वादनाचा भाग आहे, ज्यांची पाठ दुखते किंवा ज्यांच्याकडे आधीच दोन हंबकरची गिटार आहे, त्यांनी ही घेऊ नये. स्ट्रॅट घाटाची गिटार घेऊन मंडपात साथ करणाऱ्याने मात्र दुसरी म्हणून हिचाच विचार आधी करावा, आणि पैसे उरले तर ते पेडलवर न घालवता केस, रुंद पट्टा आणि अर्थिंग तपासण्याचा छोटा टेस्टर यांवर खर्च करावेत.