रिकाम्या गाईचा प्रश्न: हात, रक्त की सोनोग्राफी?

मेहुण्याने यंदा १२ संकरित गाईंचा गोठा केला. निम्म्या भरवून (रेतन करून) झाल्या आणि त्याचा फोन आला, ‘दाजी, गाभण तपासणी हाताने करू, रक्त पाठवू की सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना बोलवू?’ अर्धा तास बोलूनही त्याचं समाधान झालं नाही, म्हणून बसून लिहितोय. आणखी कुणी याच पेचात असेल तर त्यालाही उपयोग होईल.

माझ्याकडे १४ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आणि ४ पंढरपुरी म्हशी. तिन्ही पद्धती पदरचे पैसे घालून वापरल्या आहेत आणि आता एकीवर स्थिरावलोय. तुमचा गोठा माझ्यासारखाच असेल असं नाही, तेवढं धरून वाचा. माज, २१ दिवसांचं चक्र, रेतनाची वेळ हे ज्याला सांगावं लागतं त्याने आधी ते शिकून घ्यावं. तपासणी हा त्यानंतरचा विषय.

हातापासून सुरुवात करतो, कारण आपण सगळे तिथूनच आलो. आमच्या भागात एक डॉक्टर होते, आता निवृत्त झालेत. गाय खोड्यात उभी केली की हात आत घालायचे आणि डोळे मिटायचे. आपण शेपूट धरून उभे. मिनिटभराने डोळे न उघडताच म्हणायचे, ‘सत्तर दिवस. उजव्या शिंगात.’ शिंग म्हणजे गर्भाशयाचा फाटा. घरात येऊन वही उघडली की ६७ नाहीतर ७२ दिवस निघायचे. असा हात तुमच्या गावात असेल तर हा लेख इथेच सोडून त्यांना चहा पाजा. जाणत्या हाताला ३५-४० दिवसांचा गर्भ कळतो. ६० नंतर बहुतेकांना कळतो. चौथ्या महिन्यात तर गर्भाशयाच्या धमनीची थरथर बोटाला लागते, चूक व्हायला फारशी जागाच राहत नाही. खर्च कमी, वीज नको, चार्जिंग नको.

अडचण अशी की असे हात आता मोजके राहिलेत, आणि जे आहेत ते लवकर बोलायला तयार नसतात. त्यात त्यांचीही चूक नाही. ४० दिवसांवर पैज कोण लावणार? म्हणून ‘पुढच्या महिन्यात परत बघू’ हे वाक्य ऐकावं लागतं. कृत्रिम रेतन केंद्रातून भरवलं तर तपासणी साधारण ९० दिवसांनी होते, कानातल्या पिवळ्या बिल्ल्याच्या नंबरावर नोंद पडते. गाय गाभण निघाली तर आनंदच. रिकामी निघाली तर? २१, ४२, ६३, ८४ असे चार माज निघून गेलेले असतात आणि आपण मधल्या काळात तिला गाभण समजून खुराक घालत असतो.

घाई केलेल्या हाताचा एक घाव माझ्याही गोठ्यावर आहे. नेहमीचे डॉक्टर बाहेरगावी होते, म्हणून दुसऱ्या कुणाला बोलावलं. ३६ व्या दिवशी ‘रिकामी आहे’ म्हणून त्यांनी माजावर आणायचं पीजीचं (प्रोस्टाग्लँडिनचं) इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी गाय माजावर आली आणि सोटाबरोबर (माजाच्या चिकट स्रावाबरोबर) अंगठ्याएवढी पिशवीही पडली. गर्भ पाचेक महिन्यांचा होईपर्यंत हे इंजेक्शन तो पाडू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. नाव कुणाचं घेत नाही. बोलवायची घाई माझीच होती.

गव्हाच्या प्रयोगाबद्दलही दोन शब्द, नाहीतर शेजारचे आबा रागावतील. गाभण गाईचं मूत्र चौपट पाण्यात मिसळून त्यात गहू भिजवले की मोड येत नाहीत किंवा खुरटे येतात, अशी ही जुनी रीत. ‘पुण्यकोटी चाचणी’ या नावाने पशुवैद्यकांनी तिच्यावर अभ्यासही केलेत. मी तीन ताटल्या मांडल्या. दोनांत मोड आले, तिसरीत बुरशी आली. तिसरी गाय पुढे गाभण निघाली, हे आबा अजून सांगतात. बुरशीला पुरावा मानायला माझं मन धजत नाही.

आता रक्त. यामागचं शास्त्र सुंदर आहे. गर्भ रुजू लागला की वारेकडच्या काही पेशी, ज्यांना दोन केंद्रकं असतात, त्या विशिष्ट प्रथिनं आईच्या रक्तात सोडतात. १९८२ साली अमेरिकेतल्या आयडाहो विद्यापीठातल्या बटलर, ससेर वगैरे संशोधकांनी त्यातलं एक वेगळं करून दाखवलं आणि तिथून या चाचण्यांची वाट निघाली. ही प्रथिनं गर्भाचीच असल्यामुळे नुसत्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या तपासणीपेक्षा उत्तर खणखणीत मिळतं. प्रोजेस्टेरॉन ‘गाय माजावर नाही’ एवढंच सांगतं. रेतनानंतर २८ दिवसांनी शेपटीखालच्या शिरेतून रक्त घ्यायचं, बास. काही ठिकाणी दुधावरही होते. गाय व्याल्यानंतर जुन्या गर्भाची प्रथिनं रक्तातून जायला वेळ लागतो, त्यामुळे व्याल्यापासून ६० दिवस तरी झालेले हवेत. आपण एवढ्या लवकर भरवत नसल्याने हा अडथळा फारसा येत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी याच पद्धतीच्या प्रेमात होतो. हात घालायला नको, गाय बिथरत नाही, डॉक्टरांची वाट बघायला नको. एकदा बाटल्यांवरचे नंबर माझ्याच हातून उलटेसुलटे झाले आणि गौरीचा निकाल गंगेला लागला, पण त्याचा दोष चाचणीला देता येणार नाही. ‘गाभण’ म्हणून आलेल्या निकालांपैकी माझ्याकडे एकच पुढे फसला. तिथे गर्भ मधेच जिरला असावा. गर्भ गेल्यावरही ही प्रथिनं काही दिवस रक्तात रेंगाळतात.

मग सोडली का? चांदणीमुळे.

चांदणी दुसऱ्या वेताची, दिवसाला २२ लिटरची. भरवल्यावर २१ व्या दिवशी काही दिसलं नाही, म्हणून आम्ही खुशीत. ३० व्या दिवशी रक्त काढून पाठवलं. मधे रविवार आणि एक सुट्टी आली, निकाल ३५ व्या दिवशी फोनवर आला, ‘रिकामी.’ मी विचारलं, ‘बरं, मग आता?’ पलीकडून उत्तर आलं, ‘डॉक्टरांना दाखवा.’ डॉक्टरांना सवड मिळाली ३९ व्या दिवशी. त्यांनी हात घातला आणि म्हणाले, ‘नऊ दिवस आधी बोलवायचं होतं. २१ व्या दिवशी हिचा माज येऊन गेला, तुम्हाला दिसला नाही. तिसाव्या दिवशी हिच्या अंडाशयावर पीतपिंड, म्हणजे पुढचा माज रोखून धरणारी गाठ, भरलेला असणार, तो विरवणारं पीजीचं इंजेक्शन दिलं असतं तर तीन-चार दिवसांत माजावर आली असती. आता तो आपोआपच विरत चाललाय. दोन-तीन दिवसांत माज येईल, लक्ष ठेवा.’

लक्ष ठेवलंही. ४१ व्या दिवशी भाचीचं लग्न होतं, सगळं घर इस्लामपुरात. गडी म्हणाला, ‘रात्री हंबरत होती जरा.’ संपलं. चांदणी भरली ६३ व्या दिवशी. तिसाव्या दिवशी हाताशी आलेली गाय महिनाभर उशिरा भरली आणि या महिन्यात चाचणीने एकही चूक केली नव्हती. ते मला जास्त लागलं. उत्तर बरोबर होतं, फक्त त्याचं करायचं काय हे सांगणारं त्या वेळी गोठ्यात कुणी नव्हतं.

तेव्हापासून मी तपासणीकडे उलट्या बाजूने बघतो. गाभण गाईला तपासणीची फारशी गरजच नसते, ती नऊ महिन्यांनी स्वतःच सांगते. पैसे आपण मोजतो ते रिकामीसाठी. आणि रिकामी निघाली की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: का? पीतपिंड आहे, अंडाशय थंड पडलंय, पाण्याची गाठ आहे की गर्भाशयात पू आहे? या प्रत्येकाला औषध वेगळं. रक्ताच्या निकालाला यातलं काही ठाऊक नसतं.

जागेवर निकाल देणारी किटही निघाली आहे. नऊ दिवसांचं रडगाणं तिने मिटतं, हे कबूल. पण ‘का’ तसाच राहतो आणि डॉक्टरांना फोन करावा लागतोच.

आता सोनोग्राफी. हे यंत्र जनावरांच्या प्रजननात आधी घोडीला लागलं. १९८० मध्ये फ्रान्समधल्या पामर आणि द्रियांकूर यांनी ते वापरून दाखवलं, आणि १९८४ मध्ये विस्कॉन्सिनच्या पियर्सन आणि गिंथर यांनी कालवडींमधल्या गर्भाच्या वाढीचा अभ्यास मांडला. आपल्या गोठ्यात यायला त्याला बराच काळ लागला. एक गैरसमज आधी काढतो. सोनोग्राफी म्हणजे पोटावर जेल लावून बघणं नव्हे. गाईम्हशीत डॉक्टरांचा हात आत जातोच, फक्त बोटांबरोबर प्रोब, म्हणजे यंत्राचा चित्र टिपणारा तुकडा, जातो. म्हणजे जुना हात गेला नाही, त्याला डोळा मिळाला असं म्हणा.

मी पहिल्यांदा पडद्यावर बघितलं तेव्हा ३१ वा दिवस होता. काळं पाणी, त्यात सेंटिमीटरभर पांढरा दाणा आणि दाण्यात काहीतरी लुकलुकत होतं. ‘हे हृदय,’ डॉक्टर म्हणाले. मुलाने त्या दिवशी शाळा बुडवली आणि मी काही बोललो नाही. पण मी भुललो तो दाण्यावर नाही. पुढची गाय रिकामी निघाली. डॉक्टरांनी प्रोब थोडा फिरवला, अंडाशयावरचा पीतपिंड मला दाखवला, हात बाहेर काढला आणि तिथेच इंजेक्शन दिलं. चौथ्या दिवशी सकाळी ती भरली. तिसरीच्या गर्भाशयात पांढरे ठिपके तरंगणारं गढूळ पाणी दिसलं, पू होता. बाहेरून काहीही कळत नव्हतं. हिला मी आधी दोनदा भरवली होती, दोनदा रक्त पाठवलं होतं, दोनदा ‘रिकामी’ आलं होतं, आणि मी रेताच्या कांडीला नावं ठेवत होतो.

गैरसोयी आहेत. उघड्या गोठ्यात दुपारी पडद्यावर काही दिसत नाही. आम्ही डॉक्टरांच्या डोक्यावर घोंगडी धरतो, आत दोघांची डोकी आणि उकाडा. म्हणून सकाळी लवकर बोलवा. एका गाईसाठी कुणी येत नाही, पाच-सहा जनावरं एकदम लावावी लागतात. पैसे आमच्याकडे हाताच्या तपासणीच्या दुपटीहून जरा जास्तच पडतात. डॉक्टर नवखे असतील तर माजाच्या पाण्याला गर्भाचं पाणी समजण्याची चूक होते, त्यामुळे ‘लुकलुक दिसली का?’ हे मी आता न लाजता विचारतो. आणि ३० व्या दिवशीचा होकार अखेरचा नसतो. दोन महिन्यांपर्यंत काही गर्भ जिरतात, सगळ्यांच्याच गोठ्यात. माझ्या एका गाईचं हृदय ३१ ला दिसलं आणि ६५ ला गर्भाशय रिकामं होतं. त्यामुळे साठीनंतर एकदा परत बघावं लागतंच. ते हाताने केलं तरी चालतं, मी तसंच करतो.

साठीच्या आसपास प्रोब आत असला की हमखास कुणीतरी विचारतं, ‘कालवड आहे का गोऱ्हा?’ दवाखान्यांतल्या फलकांमुळे सोनोग्राफी आणि हा प्रश्न जोडीने आला की आपण आधी इकडंतिकडं बघतो. तो कायदा माणसांसाठी आहे. गाईत जाणत्याला ते दिसतंही. पण गोऱ्हा आहे म्हणून कळल्यावर तुम्ही काय करणार, हे मला कुणी अजून सांगितलेलं नाही.

म्हशींच्या बाबतीत तर माझा कल आणखी झुकतो. पंढरपुरीचा माज मुका, त्यातही उन्हाळ्यात बघायलाच नको. पावसाळा सरल्यापासून थंडी संपेपर्यंत जो काय काळ मिळतो त्यात ती भरली पाहिजे. तिथे ९० दिवस वाट बघणं म्हणजे हंगामच हातचा घालवणं. शेळ्यांचं बोलायचं तर आमच्या हिच्या उस्मानाबादी शेळ्यांना हात जातच नाही, तिथे पोटावरून सोनोग्राफी हीच सोय.

मग रक्त कुणी पाठवावं? ज्याच्या भागात मशीनवाले डॉक्टर येतच नाहीत त्याने. ज्याच्याकडे माज अचूक टिपणारा माणूस किंवा माज ओळखणारे गळ्यातले पट्टे आहेत त्याने, कारण त्याला ‘रिकामी’ एवढं कळलं तरी पुढचा माज तो सोडत नाही. शंभर गाईंचा गोठा असेल तर हिशोबही वेगळा बसत असेल. दोन गाई असतील आणि जुना हात जवळ असेल, तर सोनोग्राफीच्या नादाला लागू नका असंच मी सांगेन.

मेहुण्याकडे मात्र १२ गाई आहेत, माज बघणारा एकच गडी, तोही नवा. त्याच्या सहा भरवलेल्या येत्या रविवारी २८ ते ३५ दिवसांच्या होतात. आमच्या डॉक्टरांना सकाळी सातला चालतंय का, विचारून ठेवलंय. त्याचा खोडा एका बाजूने मोडलाय, तो शनिवारपर्यंत दुरुस्त कर म्हणून सांगितलंय. आणि घोंगडी लागेल, ती मी नेईन.