नाटकाचं पुस्तक: प्रकाशकाला द्यायचं की ग्रुपनेच छापायचं?

गेल्या दोन महिन्यांत नाटकाच्या तीन ग्रुपवाल्यांनी हेच विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. आम्ही दोन्ही करून बसलोय. पहिला एकांकिकासंग्रह प्रकाशकाकडून काढला (नाव सांगत नाही, माणसं चांगली आहेत), दुसरा स्वतः छापला.

प्रकाशकाकडे डोक्याला ताप नाही हे खरं. प्रूफं, कव्हर, वितरण सगळं तेच बघतात, आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात पुस्तक दिसलं की लेखकाच्या आईचा चेहरा जो काही फुलतो तो आपल्याला टेबल लावून जमत नाही. रॉयल्टी १० टक्के, म्हणजे १५० च्या पुस्तकाला १५ रुपये, तेसुद्धा लेखकाचे, ग्रुपचे नाहीत. इथे खूप जण गोंधळतात. तालमीत सगळ्यांनी मिळून कितीही फिरवलेली असली तरी लिहिणाऱ्याची संहिता लिहिणाऱ्याचीच. ग्रुपला पैसे हवे असतील तर लेखकाशी आधी लेखी करार करा, आणि त्यात मुदत घाला, नाही घातली तर कायदा हक्क ५ वर्षांपुरतेच दिले असं धरतो.

पण रॉयल्टीचं मला काही वाटलं नाही, खटकलं ते आतलं एक पान. ‘प्रयोगाच्या परवानगीसाठी संपर्क’ म्हणून तिथे प्रकाशनाच्या ऑफिसचा लँडलाइन छापलेला. आता नाटकाचं पुस्तक नुसतं वाचायला घेणारे किती, बहुतेक जण बसवायला घेतात, आणि स्पर्धा म्हटली की लेखकाचं परवानगीपत्र आलंच, राज्य नाट्य स्पर्धेला तर त्याशिवाय चालतच नाही. भरत नाट्य मंदिराजवळ चहाच्या गाड्यावर एक नगरचा मुलगा भेटला, म्हणाला सर तुमची ती एकांकिका आम्ही करणार होतो, चार दिवस फोन लावला, कोणी उचललाच नाही, मग दुसरी केली. आम्ही एका प्रयोगाचं मानधन ७५० घेतो. म्हणजे ५० प्रती खपल्यावर मिळणारे पैसे त्या एका न उचललेल्या फोनमध्ये गेले, आणि असे फोन अजून किती वाजून गेले असतील देव जाणे. प्रकाशकाची तरी काय चूक म्हणा, त्यांच्यासाठी ते शंभरातलं एक पुस्तक.

दुसऱ्या पुस्तकात त्या पानावर आमचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर टाकला, खाली परिनिरीक्षण मंडळाच्या (नाटकांचं सरकारी सेन्सॉर) प्रमाणपत्राचा क्रमांकही दिला म्हणजे बसवणाऱ्याची एक शोधाशोध वाचते. विक्रीतून आले त्यापेक्षा परवानग्यांतून जास्त आले. मोजून नाही सांगत, पण यंदा लाइटवाल्याचे पैसे त्यातूनच दिले.

आता आमची माती कुठे झाली तेही सांगतो. प्रत स्वस्त पडते म्हणून एकदम ५०० ऑफसेटवर मारल्या, मग ते गठ्ठे दोन पावसाळे तालमीच्या हॉलमध्ये, कुबट वास, एका प्रयोगात तर त्यांच्यावर चादर टाकून ओटा केला. आता डिजिटलवर १००-१०० काढतो, प्रत महाग पडते पण झोप लागते. प्रूफं आम्हीच वाचली, त्यामुळे दुसऱ्या प्रवेशातली सुमन तिसऱ्यात सुमती झाली. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, फक्त प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात जागे होऊ नका. आणि डीटीपीवाल्याला पहिल्याच दिवशी युनिकोडमध्येच कर म्हणून बजावा, आमची फाइल जुन्या फॉन्टमधली होती, ई-बुक करायला गेलो तर सगळे रफार उडाले. ई-बुक मग राहिलंच.

दुकानातून विकायचं असेल तर कमिशन मोठं जातं, त्यामुळे आम्ही प्रयोगानंतर दारात टेबल लावतो. सुदर्शन रंगमंचला बरा प्रयोग झाला तर पंधरा-वीस जातात, नाहीतर तीन, त्यातली एक कोणाच्या तरी काकांनी घेतलेली.

तुमचा लेखक नावाजलेला असेल, किंवा फोन उचलायला ग्रुपमध्ये एकही भरवशाचा माणूस नसेल, तर प्रकाशकच बरा, खरंच. आमच्याकडे एक मुलगी आहे जी रात्री अकरालासुद्धा परवानगीपत्राची पीडीएफ पाठवते, त्यामुळे आमचं जमतं. पुढचा संग्रह पण स्वतःच काढतोय. कव्हर मात्र त्या प्रकाशकाचं फार सुंदर होतं, आमचं अजून लग्नपत्रिकेसारखंच दिसतं.