सिंगापूर की क्वालालंपूर: शिकायला जाताय तर पहिला महिना कुठे कसा जाईल

दोन्हीकडची ऑफर लेटरं हातात घेऊन बसलेली पोरं, आणि खरं तर पोरांपेक्षा जास्त त्यांचे आईवडील, मला विचारतात की कुठे पाठवावं, आणि तोपर्यंत त्यांची रँकिंग आणि फी यांची एक्सेल शीट करून झालेली असते. ती असू द्या. मी पदवी केएलला (म्हणजे क्वालालंपूरला) केली आणि मास्टर्सला सिंगापूरला आलो, म्हणून मी फक्त उतरल्यापासून बस्तान बसेपर्यंतच्या दिवसांबद्दल बोलणार. थोडक्यात सांगायचं तर सिंगापूरचा बराचसा त्रास विमानात बसायच्या आधीच उरकतो, केएलचा विमानातून उतरल्यावर सुरू होतो. पैशाचंही वेगळं आहे, केएलमध्ये सुरुवातीला एक मोठा फटका बसतो आणि मग हात सैल राहतो, सिंगापुरात फटका दर महिन्याला आहे.

आधी कागदपत्रं. सिंगापूरला युनिव्हर्सिटी तुमचं नाव तिथल्या इमिग्रेशनच्या ऑनलाइन सिस्टिममध्ये टाकते, तुम्ही फॉर्म भरता, आणि मंजुरीचं पत्र आलं की त्यातच एका एंट्रीचा व्हिसा असतो, वेगळा काढायला नको. पोचल्यावर मेडिकल (छातीचा एक्सरे आणि एचआयव्ही टेस्ट) आणि बाकी सोपस्कार केले की स्टुडंट पास येतो, तोही आता डिजिटल, 2023 पासून प्लास्टिकचं कार्ड बंद झालंय. मलेशियात मध्ये ईएमजीएस नावाची संस्था असते, तिच्याकडून आधी व्हिसा अप्रूव्हल लेटर, मग त्यावर व्हिसा, मग पोचल्यापासून सात दिवसांत त्यांच्या पॅनलवरच्या क्लिनिकमध्ये मेडिकल आणि मग स्टुडंट पास. अवघड काही नाही पण टप्पे जास्त, प्रत्येक टप्प्याला वाट बघणं जास्त, आणि कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसमधला माणूस चांगला की आळशी यावर बरंच अवलंबून. भारतीयांना मलेशियात फिरायला व्हिसा लागत नाही म्हणून तसंच जाऊ आणि तिथे स्टुडंटचा करून घेऊ असं कोणी एजंट म्हणाला तर त्याचा नंबर डिलीट करा.

दोन्ही देशांना उतरायच्या आधी तीन दिवसांत एक ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं असतं, दोन्ही फुकट आहेत. गुगलवर सगळ्यात वर दिसणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या साइट सरकारी नाहीत.

आता खोली, आणि खरा निकाल इथेच लागतो. सिंगापुरात कॅम्पसवर हॉस्टेल मिळालं तर डोळे मिटून घ्या, बाथरूम कॉमन आहे, एसी नाही, असली कुरकुर करू नका. कारण बाहेर एचडीबीच्या फ्लॅटमध्ये (म्हणजे सरकारी सोसायट्या, बहुतेक सिंगापूरकर त्यातच राहतात) एक साधी कॉमन रूम साधारण नऊशे ते तेराशे सिंगापूर डॉलरला जाते, आणि डॉलर सत्तर रुपयांच्या आसपास धरला तर काय होतं ते तुम्हीच बघा. शिवाय एचडीबीत सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीने आणि प्रायव्हेट काँडोत (पूल-जिमवाली खाजगी सोसायटी) तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने देताच येत नाही, त्यामुळे महिनाभर कुठेतरी राहून निवांत खोली शोधू हा आपला नेहमीचा प्लॅन तिथे फार महाग पडतो, हॉटेल नाहीतर बॅकपॅकर हॉस्टेलच्या बंक बेडवर राहून शोधावं लागतं. आणि जाहिरातीत खोलीच्या फोटोच्या आधी एक ओळ वाचायची, ती स्वयंपाकाची. 'नो कुकिंग' म्हणजे खरंच नाही. 'लाइट कुकिंग' म्हणजे मॅगी आणि अंडं, फोडणी नव्हे. घरमालक सहसा त्याच घरात राहतो, रात्री अमुक ते तमुक वेळेतच एसी लावा असाही नियम असतो, आणि काही जाहिरातींत भारतीय नकोत हेही आडवळणाने, कधीकधी सरळच लिहिलेलं असतं. वाईट वाटतं, पण तिथे वाद घालण्यात दिवस घालवू नका, पुढची बघा. एजंट खरा आहे का ते सरकारी रजिस्टरवर नावाने किंवा नंबरने तपासता येतं, तपासल्याशिवाय आणि खोली बघितल्याशिवाय इथून डिपॉझिट पाठवायचं नाही म्हणजे नाही.

केएलला खोली मिळण्याचं टेन्शन जवळपास नाही. सातशे-आठशे रिंगिटला (रिंगिट वीस-बावीस रुपयांचा) काँडोमध्ये बऱ्यापैकी खोली मिळते, खाली स्विमिंग पूल आणि जिम, आई व्हिडिओ कॉलवर बघून म्हणते एवढं कशाला रे. पण चावी हातात यायच्या आधी दोन महिन्यांचं डिपॉझिट, लाइट-पाण्याचं म्हणून अर्ध्या महिन्याचं, आणि पहिल्या महिन्याचं भाडं, म्हणजे आठशेची खोली असेल तर दोन हजार आठशे रिंगिट एकदम, वर अ‍ॅक्सेस कार्डचं वेगळं. बँक अकाउंटला कॉलेजचं पत्र आणि बाकी कागद लागतात, ते होईपर्यंत हे पैसे फोरेक्स कार्डवर असायला हवेत. डिपॉझिट परत मिळताना भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा काढला जातो म्हणून पहिल्याच दिवशी खोलीचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवून ठेवा.

आणि केएलची खोली घ्यायच्या आधी नकाशा उघडा. केएलला चाललोय म्हणणाऱ्यांपैकी बरेचजण केएलला जातच नाहीत. मोनॅश आणि सनवे या युनिव्हर्सिटी बंदर सनवेला, टेलर्स सुबांग जयाला, नॉटिंगहॅम सेमेनिहला म्हणजे शहरापासून तीसेक किलोमीटर लांब, शियामेन तर सेपांगला एअरपोर्टच्या बाजूला. म्हणजे पुण्यात अ‍ॅडमिशन मिळाली म्हणून यायचं आणि कॉलेज निघायचं तळेगावला, तसं. खऱ्या अर्थाने शहरात हवं असेल तर युनिव्हर्सिटी मलाया, किंवा बुकिट जलीलला एपीयू (एशिया पॅसिफिक युनिव्हर्सिटी). सनवेला निदान बीआरटी (स्वतंत्र मार्गावरची बस) आहे, कॅम्पसच्या नावाचंच स्टेशन आहे, ती पुढे एलआरटी या मेट्रोसारख्या ट्रेनला जोडते, त्यामुळे तिथलं बरं चालतं. बाकी ठिकाणी स्टेशनपासून घरापर्यंतचं शेवटचं किलोमीटर-दीड किलोमीटर हीच खरी कटकट, फुटपाथ मध्येच संपतो, समोर हायवे येतो, वर ऊन किंवा धो धो पाऊस, आणि मग ग्रॅब (तिकडची उबर) बोलावलीच जाते. ग्रॅब स्वस्त आहे पण रोजची झाली की स्वस्त राहत नाही. पन्नास रिंगिटचा जो महिन्याचा अनलिमिटेड पास सगळे सांगतात तो मलेशियन नागरिकांनाच मिळतो, तो बजेटमध्ये धरू नका. रस्त्याने चालताना बॅग ट्रॅफिकच्या उलट्या बाजूच्या खांद्यावर, मोटरसायकलवरून हिसकावून नेण्याचे प्रकार होतात.

सिंगापुरात या बाबतीत बोलण्यासारखं काहीच नाही, बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टॅप करा आणि बसा. एनटीयूवाल्यांनी (नानयांग टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी) फक्त एवढं लक्षात ठेवा की चांगी एअरपोर्ट पूर्व टोकाला आणि तुम्ही पश्चिम टोकाला, दोन मोठ्या बॅगा घेऊन ताना मेराहला गाडी बदलून पायोनिअर आणि तिथून बस हा उद्योग पहिल्या दिवशी करू नका, टॅक्सी करा. केएलला उलट, एअरपोर्टवरून केएल सेंट्रल या मुख्य स्टेशनला अर्ध्या तासात नेणारी एक्सप्रेस ट्रेन पंचावन्न रिंगिटची आहे, तेवढ्याच अंतराला बस पंधराच्या आसपास घेते, आणि तुम्ही सनवे किंवा सेमेनिहला असाल तर केएल सेंट्रलला जायचंच कशाला, सरळ ग्रॅब करा.

खाण्यात माझं मत केएलच्या बाजूने आहे आणि ते बदलणार नाही. मामाक म्हणजे तमिळ मुस्लिमांची टपरीवजा हॉटेलं, बरीचशी रात्रभर उघडी, दोन-अडीच रिंगिटला रोती चनाई (पराठ्यासारखी) आणि सोबत डाळ, वर तेह तारिक म्हणजे फेसाळ दुधाचा चहा. पहिल्या आठवड्यात घरची आठवण आली की रात्री एक वाजता जाऊन बसायला अशी जागा असणं याची किंमत फीच्या तक्त्यात दिसत नाही. सिंगापुरातली हॉकर सेंटर (स्वस्त फूड कोर्ट) चांगलीच आहेत, चार ते सहा डॉलरला पोट भरतं, आधी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरायची आणि खाऊन झालं की ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा, नाहीतर दंड. शाकाहारी असाल तर दोन्हीकडे एकच सावधगिरी, भाजी दिसते म्हणून ती शाकाहारी नसते, बेलाचान म्हणजे वाटलेली सुकट आणि ऑयस्टर सॉस कशातही असतो, नासी लेमाकच्या (नारळाच्या दुधातला भात) बाजूला वाळवलेली मासळी असतेच. सिंगापुरात लिटल इंडियात मुस्तफा या मोठ्या दुकानात पोहे, साबुदाणा, हिंग सगळं मिळतं, केएलला ब्रिकफील्ड्स या भारतीय वस्तीत बरंचसं मिळतं पण दुकानांचा कल दक्षिणेकडे. त्यामुळे बॅगेत पोह्यांची पाच किलोची पिशवी भरणाऱ्या काकूंना प्रेमाने थांबवा.

भरताना अजून एक. सिंगापुरात खसखस चालत नाही, ती ड्रग्जच्या कायद्यात येते, म्हणजे घरचा गोडा मसाला देताना त्यात काय काय आहे हे आईला विचारा. खायची तंबाखू, गुटखा, व्हेप, च्युइंगगम हेही नाही, आणि सिगरेटला ड्युटी फ्री सूट नाही, एक पाकीटही डिक्लेअर करायचं. प्लग दोन्हीकडे ब्रिटिश तीन चौकोनी पिनांचा, अडॅप्टर इथूनच घ्या.

पार्ट टाइम कामाच्या भरवशावर निघणार असाल तर नीट ऐका. सिंगापुरात एनयूएस (नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूर), एनटीयू, एसएमयू (सिंगापूर मॅनेजमेंट युनिव्हर्सिटी) अशा ठरावीक संस्थांच्या फुल टाइम विद्यार्थ्यांना टर्म चालू असताना आठवड्याला सोळा तास काम करता येतं आणि सुट्टीत त्याहून जास्त, पण बहुतेक प्रायव्हेट कॉलेजांच्या पोरांना अजिबात नाही. मलेशियात फक्त सेमिस्टर ब्रेकमध्ये किंवा सात दिवसांपेक्षा मोठ्या सुट्टीत, आठवड्याला वीस तास, तेही ठरावीक जागी आणि परवानगी काढून, म्हणजे भाडं निघेल असं समजूच नका.

एनयूएस किंवा एनटीयू आणि कॅम्पसवर खोली असं दोन्ही हातात असेल तर सिंगापूरच, विचार करत बसू नका, ट्यूशन ग्रँट (फीसाठी सरकारी मदत) घेतलीत तर नंतर तीन वर्षं तिथे नोकरी करायचं बंधन आहे एवढं घरात बोलून घ्या. प्रायव्हेट कॉलेज आणि बाहेरची खोली अशी सिंगापूरची ऑफर असेल, आणि समोर मोनॅश किंवा नॉटिंगहॅमचा मलेशिया कॅम्पस असेल, तर मी केएल घेईन, काम करता येत नाही आणि भाडं सिंगापूरचं हे गणित मध्यमवर्गीय घराला झेपत नाही. जे एकटं पडायला घाबरतात त्यांच्यासाठी मात्र सिंगापूर थोडं सोपं, मराठी माणसं बरीच आहेत, महाराष्ट्र मंडळ चालू असतं, आणि एनयूएस-एनटीयूला ऑगस्टमध्ये टर्म सुरू होते म्हणजे गेल्या गेल्या गणपती येतात. केएलला इनटेक म्हणजे प्रवेशाच्या बॅचेस वर्षातून दोन-तीन असतात, तुम्ही कोणत्या इनटेकला जाताय त्यावर बरोबर नवीन पोरं किती असतील हे ठरतं, ऑफर स्वीकारायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसला ते एकदा विचारून घ्या.