जुनी शिडाची बोट: लाकडी घ्यावी की फायबरग्लासची?

पंचवीस ते तीस फूट लांबीची, आत दोन-तीन माणसांना झोपता येईल अशी जुनी शिडाची बोट घ्यायची, सवडीने दुरुस्त करायची आणि तिच्यातून लांबच्या सफरी करायच्या, असं मनात घेतलेल्या माणसापुढे हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. बरेच जण तो देखणेपणा विरुद्ध सोय असा मांडतात. मला ही मांडणी अपुरी वाटते. काम दोन्हींत भरपूर आहे आणि दुरुस्तीचा खर्च बोटीच्या किमतीच्या वर सहज जातो, हेही दोन्हींना लागू आहे. फरक कळतो तो काम अडकून पडतं तेव्हा. नोकरी बदलते, घरात आजारपण येतं, पैसे संपतात आणि वर्षभर बोटीला हात लागत नाही. त्या वर्षात नीट झाकून ठेवलेली फायबरग्लासची बोट बहुतांशी होती तशीच राहते. लाकडी बोट मात्र खालावत जाते.

तुलना रास्त व्हावी म्हणून एकाच घराण्यातल्या दोन बोटी समोर ठेवू. पहिली नॉर्डिक फोकबोट. सामान्य माणसाला परवडेल अशा बोटीसाठी स्कँडिनेव्हियात स्पर्धा भरवली गेली, पण पहिला क्रमांक कुणालाच दिला गेला नाही. आलेल्या आराखड्यांतलं चांगलं ते घेऊन टोर्ड सुंडेन यांनी अंतिम आराखडा काढला आणि १९४२ मध्ये पहिली बोट पाण्यात उतरली. लांबी ७.६८ मीटर, पाण्याखालची खोली सुमारे १.२ मीटर, आणि एकूण वजनातला निम्म्याहून जास्त भार कीलचा, म्हणजे बोट उलटू नये म्हणून तळाखाली बसवलेल्या ओतीव लोखंडाचा. फळ्या एकीवर दुसरीची कड चढवून बसवलेल्या. दुसरी काँटेसा २६, डेव्हिड सॅडलर यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यावर फोकबोटीच्याच वळणावर काढलेली, पण फायबरग्लासची.

समुद्रात कोण टिकतं, हा प्रश्न या दोघींच्या बाबतीत केव्हाच निकालात निघाला आहे. १९६० साली अटलांटिक एकट्याने पार करण्याच्या पहिल्या शर्यतीत ब्लाँडी हॅस्लर यांची 'जेस्टर' दुसरी आली. ती फोकबोटीवरच बेतलेली होती आणि तिला चिनी धाटणीचं एकच शीड होतं. टानिया एबी यांनी १९८५ ते १९८७ या काळात काँटेसा २६ मधून जगप्रदक्षिणा केली. तेव्हा निवड करताना बोटीच्या समुद्रातल्या गुणांपेक्षा तिच्या किनाऱ्यावरच्या दिवसांचा विचार जास्त करावा.

लाकडी बोटीचा खरा शत्रू पावसाचं पाणी. खारं पाणी लाकडाला तितकं कुजवत नाही. डेकच्या फटीतून झिरपून कोपऱ्यात साचलेलं गोडं पाणी कुजवतं. म्हणून बोट बघायला गेलात की चकचकीत व्हार्निशवर नजर खिळवू नका. केबिनच्या भिंती जिथे डेकला टेकतात ती कड, मागच्या फळीचे कोपरे, डोलकाठी जिथे उभी राहते त्याच्या खालचं लाकूड, या जागा मालकाच्या परवानगीने टोच्याने दाबून बघा. चांगलं लाकूड टोचा परतवतं आणि आवाज कोरडा येतो. कुजलेल्या लाकडात टोक आवाज न करता आत जातं आणि बाहेर काढल्यावर त्याला काळपट ओला भुसा चिकटलेला दिसतो. मग आतून बरगड्या बघा. बोटीच्या पोटाला जिथे सगळ्यात जास्त वळण असतं तिथे वाफेवर वाकवलेल्या बरगड्या तडकतात. दोन-चार तडकलेल्या असल्या तर शेजारी नव्या बसवता येतात; ओळीने सगळ्या गेल्या असतील तर नमस्कार करून निघा. फळ्या तांब्याच्या रिवेटने धरल्या आहेत की लोखंडी खिळ्यांनी, तेही विचारा. लोखंड गंजलं की खिळ्याभोवतीचं लाकूडही निकामी होतं, आणि बाहेरच्या रंगातून तपकिरी ओघळ दिसायला लागतात.

सगळ्यात फसवी असते ती वर्षानुवर्षं जमिनीवर उभी असलेली स्वस्त लाकडी बोट. फळ्या वाळून आकसतात, सांधे उघडतात. पाण्यात उतरवल्यावर त्या फुगतात आणि फटी बऱ्याच अंशी आपोआप मिटतात, पण वाळण्याला मर्यादा असते. कडेला कड लावलेल्या फळ्यांच्या बोटीत काही मालक विक्रीआधी त्या फटी कडक लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरून टाकतात. वरून बोट गुळगुळीत दिसते. पाण्यात गेल्यावर फळ्यांना फुगायला जागा उरत नाही आणि तो दाब खिळ्यांवर आणि बरगड्यांवर येतो. फोकबोटीसारख्या एकावर एक चढवलेल्या फळ्यांत तर सुताची वात ठोकून फट बुजवण्याचा मार्गच बंद, कारण वात ठोकली की फळ्या एकमेकींपासून सुटतात. तिथे रिवेट आवळणं किंवा फळी बदलणं, हाच उपाय.

एवढं असूनही मी लाकडी बोटीला नाही म्हणत नाही. तिचा प्रत्येक भाग वेगळा काढता येतो, बदलता येतो. एक फळी, एक बरगडी, एक तुळई असं करत अख्खी बोट नवी करता येते. काम स्वच्छ असतं, लाकडाचा वास येतो, आणि केलेलं काम डोळ्यांना दिसतं. सुतारकामाची ज्याला मनापासून ओढ आहे त्याला हे दिवस जड जात नाहीत, उलट तेच हवे असतात.

फायबरग्लासच्या जुन्या बोटींबद्दल लोक घाबरतात ते बोटीच्या खोळीला, म्हणजे मुख्य कवचाला. भीती चुकीच्या जागी आहे. कार्ल अल्बर्ग यांनी आराखडा काढलेली फायबरग्लासची २८ फुटी पिअरसन ट्रायटन १९५९ च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये लोकांसमोर आली. त्या काळचे कारखाने हाताने थरावर थर देत जाड खोळ करत, आणि त्यातल्या कितीतरी बोटी अजून धडधाकट आहेत. ऑस्मॉसिस म्हणजे खोळीत पाणी मुरून वरच्या थराखाली फोड येणं. फोड फोडला तर आंबूस वासाचा द्रव निघतो. दिसायला वाईट, दुरुस्ती वेळखाऊ, कारण वरचा थर सोलून खोळ महिनोन्‌महिने वाळवावी लागते. पण फोडांमुळे बोट बुडण्याचा धोका फार क्वचित.

पैसे आणि वेळ खातो तो डेक. अनेक बोटींचा डेक दोन पातळ फायबरग्लास थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड दाबून केलेला असतो. कप्पी, कठडे, पट्ट्या यांच्या बोल्टभोवतीचं सील म्हातारं झालं की पाणी आत उतरतं आणि मधलं लाकूड कुजतं. वरून काहीच दिसत नाही. स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घ्या आणि डेकवर थोड्या थोड्या अंतरावर ठोकत चला. टणत्कार येत असेल तोवर ठीक. आवाज दबका, भरलेल्या गोणीवर थाप मारल्यासारखा झाला की तिथे खडूने खूण करा. शेवटी त्या खुणांनी वेढलेला भाग किती मोठा आहे तेवढं बघा. डोलकाठीभोवती पसरलेला असेल तर किंमत निम्मी सांगायला संकोच नको. दुरुस्ती म्हणजे वरचा थर कापायचा, ओला लगदा खरवडून काढायचा, वाळवायचं, नवा गाभा इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट राळेत, बसवायचा आणि थर परत चढवायचा. काचेची धूळ अंगाला खाजते, मास्क लावून तासन्‌तास घासावं लागतं. हे काम कुणाला आवडलेलं मी पाहिलेलं नाही. पण ते अर्ध्यावर थांबवता येतं. वर पक्कं आच्छादन टाकलं की पुढच्या मोसमापर्यंत बोट तशीच राहते.

शीड, दोर, इंजिन, वायरिंग हा खर्च दोन्हीकडे सारखाच. डोलकाठी धरणाऱ्या स्टीलच्या तारा दहा ते पंधरा वर्षांनी बदलायच्या असं धरून चला, आणि त्या जिथे बोटीला जोडतात त्या पट्ट्या काढून तपासा. डेकमध्ये दडलेल्या भागात, हवा न लागणाऱ्या ओल्या जागी स्टेनलेस स्टीलही पोखरतं. जुन्या अमेरिकन बोटींत पेट्रोलवर चालणारं ॲटॉमिक फोर इंजिन सापडेल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते, म्हणून सुरू करण्याआधी ब्लोअर, म्हणजे ती वाफ बाहेर ओढणारा पंखा, चालवणं टाळू नका. विमा लाकडी बोटीला मिळवताना जास्त खटपट पडते. सर्वेक्षकाचा अहवाल बहुधा दोन्हींना लागतो.

तुम्ही बोटीजवळ राहत असाल, दर आठवड्याला तिच्याकडे फिरकणार असाल आणि समोरची लाकडी बोट गेल्या मोसमातही पाण्यात चालली असेल, तर जरूर घ्या. बोट दूर असेल, कामाचा वेळ बेभरवशाचा असेल किंवा ही पहिलीच बोट असेल, तर मी फायबरग्लासच सांगेन आणि तेही कोरड्या डेकची.

त्याहून चांगलं म्हणजे दुसऱ्याने दुरुस्त करून ठेवलेली बोट. दुरुस्तीत घातलेले पैसे विकताना परत मिळत नाहीत, म्हणून त्या मालकाच्या श्रमांचा मोठा वाटा तुम्हाला जवळजवळ फुकट मिळतो. फक्त त्याला डेक उघडा असतानाचे फोटो मागा. ज्याने ते काम स्वतः केलं आहे त्याच्याकडे ते ढिगाने असतात आणि तो दाखवायला उत्सुकही असतो. फोटो नसतील तर नव्या रंगाला न भुलता पुन्हा स्क्रूड्रायव्हर काढा आणि नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, ठोकायला सुरुवात करा.