धामणीची अंडी आणि पहाऱ्यावरचा दुसरा थर्मोस्टॅट: एसटीसी-१००० चा अनुभव

लोणावळ्याच्या बाजूला पाया खणताना सापडलेली धामणीची ११ अंडी वन विभागाला कळवून, त्यांच्या परवानगीने आमच्याकडे उबवणीसाठी ठेवली, तेव्हा एसटीसी-१००० हा तापमान नियंत्रक मी विकत घेतला तो मुख्य थर्मोस्टॅट म्हणून नव्हे, तर मुख्य थर्मोस्टॅटवर नजर ठेवणारा दुसरा म्हणून. आदल्या वर्षी थर्माकोलच्या पेटीतून सेन्सर रात्री निसटून बाहेर पडला होता. यंत्राला खोलीतली २२ अंशांची पावसाळी हवाच कळत राहिली, त्याने हीट मॅट (पेटीला ऊब देणारी विजेची चटई) बंद केली नाही आणि सकाळी पेटीत ३८ अंश होते. यंत्र बिघडलेले नव्हते. ते आपले काम चोख करत होते. अंडी मात्र गेली.

घरातल्या गिझरमध्ये थर्मोस्टॅटच्या जोडीला, पाणी फार तापल्यास वीज तोडणारा वेगळा कटआउट असतो, तोच न्याय येथे लागू आहे. धामणीच्या अंड्यांना २८ ते २९ अंश मानवतात. काही तासांचा गारवा ती सहन करतात, पण चढलेला पारा नाही. म्हणून प्लगमधून येणारी फेज आधी एसटीसीच्या रिलेतून (आतल्या विजेच्या स्विचमधून), मग मुख्य थर्मोस्टॅटमधून आणि शेवटी मॅटकडे नेली, आणि दोघांचे सेन्सर पेटीत वेगवेगळ्या छिद्रांतून सोडले. एकाच सेन्सरवर दोन यंत्रे चालवणे म्हणजे एकाच कुलपाच्या दोन किल्ल्या करणे होय.

किंमत हजार रुपयांच्या आत असून एवढ्या पैशांत ०.१ अंशापर्यंतचे वाचन आणि १० अँपिअरचा रिले मिळतो. जोडणी मात्र नवख्याने करू नये. ५ आणि ६ क्रमांकाच्या टर्मिनलवर वीज आपोआप येत नाही, कारण आतला रिले केवळ जोडतो किंवा तोडतो आणि फेज तेथे वेगळ्या तारेने आणावी लागते. शिवाय मागचे सर्व स्क्रू उघडे असतात. मी इलेक्ट्रिशियनकडून हे यंत्र प्लास्टिकच्या डबीत बसवून घेतले.

अंडी ठेवण्यापूर्वी दोन्ही सेन्सर रबरबँडने प्रयोगशाळेतील थर्मामीटरला बांधून पाहिले, तेव्हा एसटीसी ०.७ अंश जास्त दाखवत होता. ती चूक यंत्राच्या 'एफ ४' या सेटिंगमध्ये दुरुस्त केली. मुख्य थर्मोस्टॅट २८.५ वर आणि एसटीसी ३०.५ वर लावून मग मुख्य सेन्सर मुद्दाम बाहेर काढला. ३०.५ ला रिलेचा 'टक्' आवाज आला, पेटी ३१.१ पर्यंत चढली आणि उतरू लागली. 'एफ २' म्हणजे फरकाची मर्यादा मूळ ०.५ वर ठेवली असती, तर मुख्य यंत्र बिघडल्यावर पेटी दिवसच्या दिवस तिशीच्या आसपासच राहिली असती. मी ती ३ केली; त्यामुळे एकदा तोडलेली वीज पारा २७.५ पर्यंत उतरल्याशिवाय परत येत नाही.

या यंत्राविषयी माझी खरी तक्रार त्याच्या मौनाची आहे. सेन्सरची तार तुटली किंवा शॉर्ट झाली तर त्याचा बझर वाजतो, पण जास्त उष्णतेमुळे वीज तोडल्यावर ते अवाक्षरही काढत नाही. त्यामुळे मुख्य थर्मोस्टॅट कधी निकामी झाला हे कळावे म्हणून कमाल आणि किमान तापमान लक्षात ठेवणारा स्वतंत्र थर्मामीटर ठेवावा लागला, आणि तो रोज पाहावा लागला. गारव्यापासून संरक्षणही या मांडणीत नाही. जुलैत एका रात्री ४ तास वीज गेली, तेव्हा कोमट पाण्याच्या बाटल्यांचाच आधार होता. पेटी २६ अंशांपर्यंत उतरली. वीज आल्यावर जुन्याच सेटिंगवर दोन्ही यंत्रे आपोआप सुरू झाली, ही जमेची बाजू.

सेन्सरच्या तारा या वेळी छिद्राच्या आतून आणि बाहेरून केबल टायने आवळल्या होत्या. कोंबडीच्या अंड्यांसारखी ही अंडी फिरवायची नसतात, म्हणून प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण केली होती. ६१ व्या दिवशी त्यातल्या एका खुणेशेजारीच पहिली चीर पडली. ११ पैकी ९ पिल्ले निघाली. माझी चाचणी वगळता एसटीसीवर उष्णतेमुळे वीज तोडण्याची वेळ त्या दोन महिन्यांत एकदाही आली नाही.