उन्हाळ्यातलं लँडिंग डिस्टन्स: तक्ता, पाच टक्के की केल्विन?

मे महिन्यात नागपुरात दुपारी पारा ४४ अंशांवर जातो, आणि सेस्ना १७२एस या छोट्या विमानाच्या हँडबुकातला, उतरायला किती अंतर लागेल ते सांगणारा लँडिंगचा तक्ता मात्र ४० अंशांवर संपतो. पुढचं गणित कसं करायचं? तापमानाची भर घालायच्या तीन रीती आहेत आणि तिन्हींचं उत्तर एक येत नाही.

उदाहरणाला समुद्रसपाटी घेऊ. वारा नाही, धावपट्टी कोरडी आणि पक्की, वजन २५५० पौंड, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) ३० अंश खाली, जमिनीपासून ५० फुटांवर असताना वेग ६१ नॉट. तापमान २० वरून ४० झालं.

तक्त्यात ग्राउंड रोल, म्हणजे चाकं टेकल्यापासून थांबेपर्यंतची धाव, ५८५ वरून ६२५ फुटांवर जातो आणि ५० फुटांपासूनचं एकूण अंतर १३५० वरून १४१५ वर. एकूण अंतरातली वाढ पाच टक्क्यांच्या आतच.

ब्रिटनच्या सीएएची (नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाची) ढोबळ रीत म्हणजे दर १० अंशांना एकूण अंतर १.०५ ने गुणायचं. दोनदा गुणल्यावर १४८८ फूट येतात, तक्त्यापेक्षा ७३ जास्त. ज्या विमानाच्या हँडबुकात एकाच तापमानाचा आकडा दिलेला असतो, तिथे हीच रीत कामाची.

तिसरी रीत केल्विनची, म्हणजे सेल्सियसमध्ये २७३ मिळवून: ३१३ भागिले २९३, म्हणजे १.०६८. याने ५८५ ला गुणा, तक्त्यातलेच ६२५ मिळतात! स्पीड इंडिकेटरवर ६१ नॉटच दिसतात, पण विरळ हवेत खरा वेग वाढलेला असतो आणि ग्राउंड रोल त्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ५० फुटांपासून टेकेपर्यंतचा हवेतला टप्पा मात्र ७६५ वरून ७९० इतकाच जातो, म्हणजे साधारण साध्या वेगाच्या प्रमाणात. म्हणून हे गुणोत्तर एकूण अंतराला लावायचं नाही.

हमखास होणारी चूक डेन्सिटी अल्टिट्यूडची, म्हणजे हवेच्या विरळपणावरून काढलेल्या उंचीची. नागपूरची उंची १०३३ फूट. क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब) १००४ हेक्टोपास्कल असेल तर प्रेशर अल्टिट्यूड, म्हणजे फक्त दाबावरून काढलेली उंची, सुमारे १३०० फूट, आणि ४४ अंशांना डेन्सिटी अल्टिट्यूड ५१०० च्या आसपास. हा ५१०० चा आकडा घेऊन तक्त्यात शिरलात आणि वर तापमानाचा रकानाही पाहिलात, तर उष्णता दोनदा मोजली जाते. तक्त्यात प्रेशर अल्टिट्यूडच घालायचं.

आमचं मत स्पष्ट आहे. ४० अंशांपर्यंत तक्ताच वापरा, उंची आणि तापमान मधलं असेल तर पुढच्या मोठ्या आकड्याची ओळ आणि रकाना घ्या. ४० च्या पुढे ४० चा आकडा घेऊन एकदा १.०५ ने गुणा. केल्विन फक्त पडताळ्याला. शेवटी सीएएने सुचवलेला १.४३ चा सुरक्षा गुणक लावा. वरच्या उदाहरणातले १४१५ फूट त्याने २०२३ होतात.

एवढं करूनही उन्हाळ्यात विमान लांब जातं, ते बहुतेक वेळा जास्तीच्या वेगामुळे. दुपारच्या थर्मलमध्ये (तापलेल्या हवेच्या वर चढणाऱ्या झोतांत) हेलकावे बसतात म्हणून वैमानिक पाच नॉट जास्त ठेवतो. वेग ६१ ऐवजी ६६ नॉट ठेवला आणि चाकंही त्याच प्रमाणात जास्त वेगाने टेकली तर ग्राउंड रोल १७ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांच्या उष्णतेने तो सातच टक्के वाढला होता. उलट बाजूला, जमीन नेहमीपेक्षा भराभर सरकताना दिसते म्हणून नाक वर ओढून वेग कमी करणंही तितकंच धोक्याचं. नजर इंडिकेटरवर ठेवा.

आणि आखूड धावपट्टीवर उतरण्याआधी तिथून परत उडण्याचा आकडाही काढा. टेकऑफला सीएएची तीच रीत दर १० अंशांना दहा टक्के धरते.